तोंडावरचं फडकं

केसर तोंडाला फडकं गुंडाळून वाळवणावर आली, त्या सकाळी वेळवाडीच्या बायकांचे हात चालता चालता थांबले.

होळी जवळ आली होती. किहीमच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या कोळीवाड्यात किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या आणि जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील जोडीजोडीनं त्यांवर लटकत होते. बायका पदर खोचून, उघड्या डोक्यानं काम करत होत्या. त्यांच्या आया-आज्यांनीही असंच केलं होतं. त्यांच्यात ही एक तोंड झाकून आलेली. जुन्या निळ्या लुगड्याचं फडकं, त्यातून फक्त डोळे दिसत होते.

"काय गो केसर, नवी नवरी झालीस काय?" कमळनं विचारलं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आल्या होत्या आणि तेव्हापासून शेजारी शेजारी वलांड्या लावत होत्या.

"ऊन लागतंय," केसर म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं. कोळ्याच्या बाईला ऊन लागतं, हे वाडीत कोणी ऐकलं नव्हतं. केसरनं टोपलीतला बोंबील उचलला. फडक्याआड तिचे गाल तापत होते. ते उन्हानं की लाजेनं, तिचं तिलाच कळेना.

हे दुखणं तसं जुनं होतं. वर्णानं ती उजळ. दोन उन्हाळ्यांमागे गाल आणि नाक लाल व्हायला लागलं, तेव्हा शिवदास, तिचा नवरा, थट्टा करायचा, "बाजारात कुंकू सांडलं वाटतं." मग लाली उतरेनाशी झाली. गालांवर बारीक पुटकुळ्या आल्या. उन्हात उभी राहिली की चेहऱ्यावर निखारे ठेवल्यासारखं व्हायचं, चुलीपुढे बसली की तसंच, झणझणीत कालवण खाल्लं की तसंच. डोळ्यांत सारखं काहीतरी खुपायचं. कोणी लिंबू चोळायला सांगितलं, कोणी हळद. लिंबानं असं झोंबलं, की तिनं रांजणातल्या पाण्यात तोंड बुडवलं.

शेवटी मासळी विकायला अलिबागला गेली असताना पाटी एका ओळखीच्या बाईजवळ ठेवून ती गुप्ते डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरली. भीती एकच होती आणि ती तोंडातून बाहेर पडत नव्हती. म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती न सांगताच ओळखली. तिला डोळे मिटायला सांगितले, कापसाची बारीक वात करून चेहऱ्यावर इथं-तिथं टेकवली आणि लागलं की सांग म्हणाले. मग टाचणीच्या टोकानं तसंच केलं. कोपराची आणि कानामागची शीर चाचपली.

"महारोग नाही," ते म्हणाले. "महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. तुझ्या कातडीला उलट गरजेपेक्षा जास्त कळतंय."

केसरला रडू कोसळलं.

"पण हे जन्माचं आहे हो, बाई. पुरतं जाईल असं औषध माझ्याकडे नाही. उन्हापासून जपलंस तर आवरेल. दाट विणीचं, सैल फडकं तोंडावरून घे. ऊन चढायच्या आत कामं उरक. चुलीपासून लांब बस, चहा निववून पी. आणि काहीही चोळायचं नाही, लिंबू नाही, काही नाही." त्यांनी जस्ताचं पांढरं मलम दिलं. सकाळी पातळ लावायचं, म्हणजे ऊन थेट कातडीला भिडत नाही.

घरी येताना तिला वाटलं, सुटले एकदाची. पण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू झाली.

वाडीच्या लोकांनी डॉक्टरांचं बोलणं ऐकलं नव्हतं. त्यांना दिसलं ते फडकं. आणि वाऱ्यानं फडकं सरकलं, की त्याखालचा मलमानं पांढरट झालेला, लाल डागांचा चेहरा. त्या वर्षी सरकारचे लोक गावोगाव फिरून महारोगाचे चट्टे तपासत होते. त्यांची गाडी आली, की बाया पोरांना घरात ओढत. शिवाय बायजाची आठवण सगळ्यांनाच होती. महारोग झाला म्हणून खाडीपलीकडे खाजणात बायजाला झोपडी बांधून दिली होती. तिचं जेवण एका दगडावर ठेवून लोक मागे न बघता परतायचे. एका पावसाळ्यानंतर जेवण तसंच राहायला लागलं, तेव्हा कळलं की बायजा उरली नाही.

"काय न्हाय तर झाकतीय कशापायी?" हा प्रश्न वाडीभर फिरला. त्याला केसरकडे उत्तर होतं, पण ते विचारायला कोणी तिच्याकडे येत नव्हतं. ती आपण होऊन सांगायला गेली, की समोरची बाई नजर चुकवून "बरं, बरं" म्हणायची.

एका सकाळी कमळची वलांडी जागेवर नव्हती. तिनं ती दूर, पार टोकाला नेऊन रोवली होती. केसरनं हाक मारली. कमळनं वळून पाहिलं नाही.

विहिरीवर ती गेली, की बायका घागरी उचलून बाजूला होत. बाजारात गिऱ्हाईक पाटीतल्या पापलेटाला हात घालायचं, मान वर करायचं आणि हात मागे घ्यायचं. घरात सासू, नीराबाई, तोंडानं काहीच बोलली नाही. पण एका दुपारी केसरला दिसलं, की तिचं ताट आणि पेला वेगळ्या कोनाड्यात ठेवलाय. तिनं ते मुकाट्यानं घेतलं आणि जेवायला बसली.

त्यातच तुळशीचं लग्न ठरत आलेलं. तुळशी म्हणजे केसरची थोरली. थळचा चंदर तिला पाहून गेला होता, होकारही आला होता, साखरपुडा तेवढा राहिला होता. अशात निरोप आला, की चंदरची आई येसूबाई स्वतः येतेय. कशासाठी, ते निरोपात नव्हतं.

शिवदास तांडेल माणूस, चार खलाशांना एका शब्दात वळवणारा. पण घरात त्याला शब्द सापडत नसत. त्या संध्याकाळी जाळं विणता विणता तो म्हणाला, "त्या दिवशी फडकं नको बांधूस."

"डॉक्टर काय बोलला ते तुला सांगितलंय मी."

"मला सांगितलंस. त्यांना कोण सांगंल? झाकलंस तर बोलतील लपवतीय."

"आन् न्हाय झाकलं तर तोंड पेटंल."

"एक दिवस," शिवदास म्हणाला. "पोरीसाठी."

तुळशी दाराआड उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

येसूबाई आली ती दिराला सोबत घेऊन, होडीतून, भर सकाळची. केसरनं फडकं बांधलं नाही, मलमही लावलं नाही. पांढरं तोंड पाहून ती बिचकेल म्हणून. पहाटेपासून ती चुलीपुढे होती. पाहुण्यांना तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण. मग अंगणात पाणी द्यायला, पाट मांडायला, येसूबाईच्या पायांवर पाणी घालायला. अंगणात सावलीचा तुकडा नव्हता. ऊन वर चढत गेलं, तसा चेहरा तिला जाणवायला लागला. आधी गालांत सुया, मग नाकावर चटका, मग सगळं तोंड ताणल्यासारखं. तिनं हसायचा प्रयत्न केला तर गाल हलेनात. तुळशी आईकडे बघायची आणि पटकन खाली बघायची. त्यावरून केसरला कळलं, आपण कशा दिसतोय ते.

येसूबाई धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई. तिनं ताटाला हात लावला नाही.

"जेवा ना," नीराबाई म्हणाली.

"जेवायला न्हाय आले मी," येसूबाई म्हणाली. तिची नजर केसरच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "पोरगी बघितलीय आमी. आज तिच्या आयला बघाया आलो. लोक बोलतात ते खोटं असंल, असं वाटलं होतं."

"महारोग न्हाय हा," केसर म्हणाली. "अलिबागच्या डॉक्टरानं—"

"मग ह्यो काय हाय?"

केसरला नाव सांगता आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते इंग्रजी नाव दवाखान्याच्या दारातच तिच्या जिभेवरून निसटलं होतं. ती नुसतीच उभी राहिली, तोंड जळत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं. आणि ते पाणी येसूबाईनं कबुलीजबाबासारखं घेतलं. ती उठली.

पण ओहोटी लागली होती. भरती येईपर्यंत होडी निघणार नव्हती. पाहुणे देवळासमोर जाऊन बसले आणि बातमी वाडीत फिरायला वेळ लागला नाही. थळच्या बाईनं जेवणाला हात लावला नाही, म्हणजे आता गोष्ट वाडीबाहेर गेली. बाळाजी पाटलानं जमात बसवली.

देवळासमोर उंडीचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत बाळाजी आणि वाडीचे जाणते बसले, त्यांच्या मागे बाकीचे पुरुष, कडेला बायका. येसूबाई आणि तिचा दीर एका बाजूला. ज्याचा निवाडा व्हायचा त्यानं समोर, मोकळ्यावर उभं राहायचं, अशी रीत. वाळू पायाला चटके देत होती.

केसर आली. घरातून निघताना तिनं निळं फडकं पुन्हा बांधलं होतं, घट्ट गाठ मारून.

"फडकं काढ," बाळाजी म्हणाला.

"न्हाय काढणार."

कुजबूज उठली. शिवदासनं मान खाली घातली.

"केसर, जमातीपुढं उभी हाईस तू. काय हाय ते आमाला बघू दे."

"दावते ना. उन्हात न्हाय. सावलीत बसवा, मग काढते."

बाळाजीनं आजूबाजूला पाहिलं. सावली तेवढीच होती, झाडाखालची, आणि ती माणसांनी भरली होती. तिला सावलीत घ्यायचं म्हणजे आपल्या मांडीला मांडी लावून बसवायचं.

"तिथूनच काढ," मागून कोणीतरी ओरडलं. "हिकडं नको."

"सकाळपासून उन्हात होते मी, तुमच्या समाधानासाठी," केसर म्हणाली. "तोंड सुजलंय. आणखी न्हाय जाळून घेणार. महारोग हाय वाटतं ना तुमाला? डॉक्टरानं कापसानं तपासलं मला. महारोग्याच्या चट्ट्याला हात लावलेला कळत न्हाय. माझे डोळे बांधा. कापसाची वात घ्या, माझ्या तोंडाला लावा. कुठं लागली ते सांगते मी. एकदा जरी चुकले, तर मीच जाते खाजणात, तुमी झोपडी पण बांधू नका."

मग बाळाजी म्हणाला, "कोण लावंल?"

केसरनं शिवदासकडे पाहिलं. तो समोरच होता. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि ते तसेच राहिले. ती बघत राहिली. त्यानं मान वर केली नाही.

"पाटलानू, मी लावते."

नीराबाई बायकांतून उठली होती. देवळाच्या पायरीवर वातींसाठी ठेवलेल्या पुडीतून तिनं बोटभर कापूस ओढला, पिळला आणि उन्हात जाऊन सुनेचं मनगट धरलं. "चल. सावलीत बस."

ती केसरला घेऊन झाडाखाली आली, तशी माणसं उठली. एकेक करत मागे सरली, धोतरं सावरत, एकमेकांना ढकलत. बघता बघता अर्धी जमात भर उन्हात उभी राहिली आणि उंडीच्या सावलीत उरल्या त्या दोघी आणि जागचा न हललेला बाळाजी.

केसरनं फडक्याची गाठ सोडली. लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. तिनं डोळे मिटले, नीराबाईनं तेच फडकं डोळ्यांवर बांधलं.

"डावा गाल," केसर म्हणाली. मग, "नाक. शेंड्यावर." मग, "हनुवटी." मग, "उजवा गाल, डोळ्याच्या खाली."

"म्हातारी दाबून दाबून सांगतीय तिला!" हा कमळचा आवाज होता. केसरनं तो लगेच ओळखला. "घरचीच ती. पाव्हणीला लावू द्या!"

"व्हय, पाव्हणीला," आणखी दोघं-तिघं म्हणाले.

पावलं जवळ आली. जड पावलं. कोणीतरी समोर बसलं, दमलेला श्वास केसरच्या तोंडावर आला. येसूबाई. कापूस कपाळावर टेकला, इतका हलका की दुसऱ्या कोणाला कदाचित कळलाही नसता.

"कपाळ," केसर म्हणाली.

पुन्हा नाकपुडीशेजारी. पुन्हा गालावर, जिथं पुटकुळ्या सगळ्यांत दाट होत्या. तिथं ती सांगायच्या आधीच दचकली.

मग काहीच नाही. केसर वाट पाहत राहिली. कानांत समुद्राचा आवाज येत होता. गाल, नाक, कपाळ, सगळीकडे नुसती आग होती आणि त्या आगीत कुठंच स्पर्श नव्हता. डॉक्टर चुकले तर नसतील? की उन्हानं आज कातडी खरंच मेली?

"बोल," येसूबाई म्हणाली. "कुठं लागला?"

"कुठं न्हाय," केसर म्हणाली. "काय लागलं न्हाय मला."

"बघा!" उन्हातून कोणीतरी ओरडलं. "कळत न्हाय तिला! बघा!" गलका उठला. तुळशीचा हुंदका त्यातूनही केसरला ऐकू आला.

"गप ऱ्हावा!" येसूबाईच्या आवाजानं सगळे थांबले. "कुठनं कळंल? लावलाच न्हाय मी. कापूस माझ्या मांडीवर हाय."

तिनं स्वतः केसरच्या डोळ्यांवरचं फडकं सोडलं आणि तिच्या हातात दिलं. सूज आलेल्या पापण्यांतून केसरला तिचं मोठं, घामेजलेलं तोंड अगदी जवळ दिसलं.

"खरं बोलणारी हाय," येसूबाई पाटलाकडे वळून म्हणाली. "भीतीच्या मारं दुसरी कुणी असती तर काहीतरी सांगून मोकळी झाली असती."

बाळाजीनं उन्हात उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "डॉक्टराकडं गेली होतीस तर आमाला आधी सांगायचं."

"सांगत होते," केसर म्हणाली. "घरोघर जाऊन सांगत होते. आन् पाटलानू, महारोग असता तर काय केलं असतंत? सरकार गोळ्या देतं आता. तरीपण दगडावरच भाकरी ठेवली असतीत?"

बाळाजी उठला. केसरला कोणी वाळीत टाकायचं नाही, विहिरीवर अडवायचं नाही, एवढं बोलून त्यानं जमात उठवली. माणसं हलली. कमळ सगळ्यांत आधी गेली.

येसूबाईला भरतीची वाट अजून पाहायचीच होती. ती शिवदासच्या घरी परत आली, ओटीवर बसली आणि केसरच्या हातून पाण्याचा तांब्या घेऊन तो तोंडाला लावून प्यायली. तुळशीला जवळ बोलावून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"साखरपुडा सकाळचा नको," ती जाताना म्हणाली. "उन्हं कलल्यावर ठेवा. हिला बाहेर बसता यायला पायजे."

साखरपुडा उन्हं कलल्यावरच झाला. नीराबाईनं कोनाड्यातलं ताट उचलून बाकीच्या ताटांत ठेवलं. बाजारातली काही गिऱ्हाइकं परत आली, काही आली नाहीत. कमळची वलांडी टोकालाच राहिली. केसर आता तांबडं फुटायच्या आत बोंबील टांगून मोकळी व्हायची आणि ऊन चढलं की फडकं बांधून आडोशाला मासळी निवडायची. चेहरा पुरता बरा झाला नाही. चांगले आठवडे असत, वाईट असत. लग्नघाईत चुलीपुढे बसावं लागलं, तेव्हा तो पुन्हा पेटला. मग तिनं चूल नीराबाईच्या हवाली केली आणि स्वतः भाजी चिरायला दाराशी जाऊन बसली.

साखरपुड्यानंतरची गोष्ट. एका सकाळी शिवदास माडाच्या झावळ्या खांद्यावर घेऊन वाळवणावर आला. केसरच्या वलांडीशेजारी त्यानं बांबू रोवले, वर झावळ्या अंथरून काथ्यानं आवळल्या. ती फडक्याआडून बघत होती. छप्पर झालं, तसा तो त्याच्या सावलीत उकिडवा बसला आणि वाळू मुठीत घेऊन सोडत राहिला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "मी उठायला पायजे होतं."

केसरनं हातातला बोंबील टोपलीत ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "पायजे होतं."

थोड्या वेळानं ती सरकून सावलीत आली, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली, फडकं सोडून मांडीवर ठेवलं आणि मासळी निवडायला लागली. त्यानंही एक टोपली पुढे ओढली.